पांढऱ्या पाटीचा दर

गेल्या रविवारी साळावली धरणाच्या वाहनतळावर एका सुशिक्षित, चष्मा लावलेल्या आणि पूर्णपणे शुद्धीवर असलेल्या गृहस्थांनी मला भाडे विचारले, त्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवर मागे प्रवासी बसवून नेणारा परवानाधारक पायलट गोव्यात कोणाला सांगावा लागत नाही. मला त्यांनी तो समजले होते.

धरण भरून वाहू लागल्याचे कळल्यामुळे आम्ही काही मित्र मडगावहून केपे, तिळामळ, सांगे असे दुचाकींवरून तेथे गेलो होतो. डोंगरांच्या कुशीतला तो विस्तीर्ण जलाशय आणि बदकाच्या चोचीसारख्या सांडव्यात तिन्ही बाजूंनी कोसळणारे पाणी पाहण्यासाठी अर्धा गोवा लोटला होता. बाकीचे मित्र पावसात भिजलेले, परंतु रुबाबदार दिसत होते. माझी गाडी काळी, आणि धुक्यात ट्रकवाल्याला दूरूनही दिसावा म्हणून घरच्यांनी मला घेऊन दिलेला रेनकोट पिवळाधमक. ट्रकवाल्याला मी दिसलो की नाही ठाऊक नाही. मास्तरांना मात्र नेमका दिसलो.

ते निवृत्त मराठी शिक्षक होते, हे त्यांनी तोंड उघडताच कळले. "वाड्याला किती घेशील?" वाडे म्हणजे तिथले जवळचेच गाव.

"काका, मी पायलट नाही."

"पन्नास देईन."

"अहो, ही माझी स्वतःची गाडी आहे."

"पायलटाची गाडी शेजाऱ्याची असते काय?" असे म्हणून त्यांनी छत्रीचे टोक माझ्या मागच्या नंबरपाटीवर टेकवले आणि अक्षरे वहीतली असावीत तशी वाचली. आता सुटलो, असे मला वाटले. पण मास्तरांचा चेहरा कठोर झाला. "पांढरी पाटी! म्हणजे खासगी गाडीवर धंदा करतोस, आणि वर खोटेही बोलतोस. पिवळ्या पाटीला मी पन्नास देतो. पांढरीला तीस."

जो धंदा मी जन्मात केला नव्हता, त्याचा दर माझ्या डोळ्यांदेखत वीस रुपयांनी उतरला. इतक्यात आमच्यातला बँकेत नोकरी करणारा मित्र, ज्याच्या पोरांच्या शाळेची कामे मी नेहमी करत आलो आहे, अत्यंत गंभीरपणे म्हणाला, "चाळीसच्या खाली त्याला परवडत नाही, सर. पेट्रोल बघा कुठे गेले आहे."

"कुठला तू?" मास्तरांनी माझ्याकडे मोर्चा वळवला.

"मडगावचा."

हे ऐकून त्यांना जो आनंद झाला, तो मी कधी विसरणार नाही. "मडगावचा! म्हणजे घरी नळाला येते ते हेच पाणी. या पाण्याखाली आमचे कुर्डी आहे. मोगूबाई कुर्डीकरांचे कुर्डी. मे महिन्यात पाणी उतरले की आमच्या घराचे जोते वर येते, ते बघायला आम्ही येतो; आज ते किती बुडाले ते बघायला आलो. आमचा महादेवसुद्धा सरकारने दगड दगड सुटा करून इथे आणून बसवला. त्याने भाडे विचारले नाही. आणि आमच्या गावावर चूळ भरणारा तू दहा रुपयांसाठी अडून बसतोस?"

मी दहा रुपयांसाठी अडलो नव्हतो, हे सांगण्याची ती जागा नव्हती. भोवती जमलेल्या माणसांत एक बाई तर माझ्याकडे असे पाहत होत्या, की धरण मीच बांधले असावे. मी गाडी चालू केली. मास्तर मागे बसले, त्यांनी छत्री उघडली आणि ती सबंध वाटभर माझ्या मानेवर गळत राहिली. प्रत्येक वळणावर "हॉर्न दे" आणि प्रत्येक खड्ड्यानंतर "बघून चालव" अशा सूचना चालू होत्या. दारात उतरल्यावर त्यांनी तीस रुपये मोजून माझ्या तळहातावर ठेवले.

मी चिडलो आहे, पण मास्तरांवर नाही, किंवा फक्त त्यांच्यावर नाही. आपल्याकडे रविवारी आतल्या गावांतल्या खासगी बसगाड्या सोयीप्रमाणे उगवतात, आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या आत मावळतात; ज्याला गाडी चालवता येत नाही, त्याने दुसऱ्याच्या रेनकोटचा रंग पाहत उभे राहायचे. म्हणूनच प्रत्येक घरासमोर दोन-तीन दुचाक्या आणि एक मोटार उभी असते, आणि मग रस्ते अपुरे पडतात म्हणून आपणच ओरडतो. एवढा मोठा जलाशय उभा करण्यासाठी ज्यांची घरे घेतली, त्यांना ते पाणी पाहून परत जायला रविवारी एखादी बस द्यायला काही फार मोठी योजना लागते, असे मला वाटत नाही.

परत येईपर्यंत मित्रांनी भाजीपाव संपवले होते. कागदात एक मिरची भजी उरली होती, तीही देठाकडून चावलेली. तीस रुपयांत सगळ्यांना चहा पाजावा, असा ठरावही माझ्या गैरहजेरीत एकमताने संमत झाला होता, आणि तो अमलात आणला गेला.

माझा फोन नंबर त्या बँकवाल्यानेच मास्तरांना आधी लिहून दिला होता, हे मला काल समजले. सकाळी मास्तरांच्या शेजारणीचा फोन आला. त्यांना मंगळवारी साडेआठ वाजता दवाखान्यात सोडायचे आहे, आणि दर पांढऱ्या पाटीचाच लावावा, अशी त्यांची अपेक्षा आहे.