मॅक्रो सोडून कॉपी-पेस्ट? हा सल्ला पेढीला महागात पडेल

इंदूरच्या मराठी व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय: ‘मॅक्रो म्हणजे व्हायरस. बटणाने फाइल बिघडते, लिंका तुटतात. एक्सेलच्या फाइली जोडू नका, आकडे कॉपी-पेस्ट करा.’ मॅक्रो म्हणजे एक्सेल-वर्डमध्ये लिहून ठेवलेले हुकूम, चालवले की ओळीने कामं उरकणारे; लिंक म्हणजे एका फाइलीतला आकडा दुसरीत आपोआप आणणारी जोडणी. लोक हा फॉरवर्ड खरा मानून चाललेत, म्हणून लिहितोय.

व्हायरसची भीती उगाच नाही. १९९९ साली मेलिसा नावाचा व्हायरस पसरला तो वर्डच्या मॅक्रोतूनच. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मायक्रोसॉफ्ट २०२२ पासून आपणहून अडवू लागलं, ते अशाच धोक्यामुळे. अनोळखी फाइलीत मॅक्रो चालू करूच नका. पण आपल्याच माणसाने लिहिलेला मॅक्रो ऑल्ट-एफ११ दाबून ओळ न् ओळ वाचता येतो. त्याला व्हायरस कसं म्हणायचं?

शीटवरचं बटण तर नुसतं मॅक्रो चालवतं. एवढं खरं, की मॅक्रोने केलेला बदल कंट्रोल-झेडने परत फिरत नाही. म्हणून बटण दाबण्याआधी फाइल सेव्ह करा आणि ज्या फाइलींतून आकडे घ्यायचे त्या मॅक्रोला रीड-ओन्ली, म्हणजे फक्त वाचण्यापुरत्या, उघडायला लावा.

लिंका तुटतात त्या बहुधा फाइल एकटी हलवली की. सगळ्या फाइली एकाच फोल्डरमध्ये ठेवून अख्खा फोल्डर हलवला तर सहसा टिकतात. मॅक्रोतही ‘सी ड्राइव्ह’चा पक्का पत्ता लिहू नका, ‘धिसवर्कबुक डॉट पाथ’ (ही फाइल ज्यात आहे तो फोल्डर) लिहा, म्हणजे फोल्डर कुठेही नेला तरी चालतं.

आता कॉपी-पेस्ट. खरा धोका इथे आहे. समजा, सियागंजातली किराणा पेढी, तीन गोदामं. रोज संध्याकाळी मुनीमजी तिन्ही फाइलींतला साठ्याचा कॉलम उचलून मुख्य फाइलीत चिकटवतात. एका गोदामवाल्याने मध्येच नव्या मालाची ओळ घातली, की खालचे सगळे आकडे एक घर सरकतात आणि साबुदाण्याची पोती तूरडाळीसमोर बसतात. खालची बेरीज बरोबरही दिसू शकते, मग चूक कुणाच्या लक्षात येत नाही. साधी सेल-लिंकही इथे फसू शकते, हे मान्य. उपाय एकच: मालाच्या नावावरून आकडा शोधा. त्यासाठी व्हीलुकअप हे सूत्र लावा, शेवटी ‘फॉल्स’ लिहायला विसरू नका, म्हणजे नाव तंतोतंत जुळेल तेव्हाच आकडा येतो. गोदामाची फाइल बंद असली तरी व्हीलुकअप चालतो. इनडायरेक्ट (लिहून दिलेल्या पत्त्यावरून आकडा आणणारं सूत्र) मात्र बंद फाइलीवर चालत नाही.

मोबाइलवरच्या एक्सेलमध्ये मॅक्रो चालत नाहीत, तेव्हा मॅक्रोचं काम पेढीवरच्या कॉम्प्युटरवरच करा. आणि फाइल एक्सएलएसएम म्हणूनच सेव्ह करा. एक्सएलएसएक्समध्ये, म्हणजे एक्सेलच्या नेहमीच्या फाइल-प्रकारात, मॅक्रो राहत नाही.