दिवाळखोरीनंतर क्रेडिट युनियन: जिथे देणं नाही तिथेच खातं उघडा

अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला की माणूस धरूनच चालतो, आता दहा वर्षं आपल्याला कुणी दारात उभं करणार नाही. चॅप्टर ७ ची, म्हणजे देणी माफ करून घेण्याच्या दिवाळखोरीची, नोंद क्रेडिट रिपोर्टवर (तुमच्या कर्जफेडीच्या इतिहासावर) अर्जाच्या तारखेपासून १० वर्षं राहू शकते, हे खरं. पण ती कर्जाची गोष्ट झाली. क्रेडिट युनियनचं सभासदत्व वेगळं. हा फरक माहीत नसल्यामुळे लोक पगाराचा चेक वटवायला दुकानात कमिशन भरतात आणि पे-डे कर्जाच्या, म्हणजे पुढच्या पगारापर्यंत भरमसाट व्याजाने घेतलेल्या कर्जाच्या, फेऱ्यात अडकतात, याचं फार वाईट वाटतं.

क्रेडिट युनियन ही पतपेढीच्याच कुळातली, सभासदांच्या मालकीची संस्था. सभासद व्हायला ओळखपत्र, पत्ता, सोशल सिक्युरिटी नंबर आणि शेअर खात्यात (सभासदाच्या बचत खात्यात) साधारण ५ ते २५ डॉलर लागतात. शिवाय तिच्या कक्षेत बसावं लागतं: नोकरी, राहण्याचा भाग, एखादी संघटना किंवा आधीच सभासद असलेला घरातला माणूस.

खातं अडतं ते बहुतेक वेळा दिवाळखोरीपायी नाही, चेक्ससिस्टिम्सपायी, म्हणजे बँकखात्यांच्या जुन्या नोंदी ठेवणाऱ्या एजन्सीपायी. जुन्या बँकेतलं खातं उणे शिलकीत बंद झालं असेल तर ती नोंद तिथे ५ वर्षं राहते. म्हणून खात्यासाठी अर्ज करण्याआधी हा रिपोर्ट मागवा, तो फुकट मिळतो. ते उणे देणं दिवाळखोरीत माफ झालं असेल तर डिस्चार्जच्या, म्हणजे देणं माफ केल्याच्या, कोर्टाच्या आदेशाची प्रत जोडून नोंद दुरुस्त करायला लेखी कळवा. तरीही अडलं तर 'सेकंड चान्स' खातं आहे का विचारा. त्यात सोयी कमी असतात, पण पगार थेट जमा होतो, आणि सुरुवातीला तेवढं पुरतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ज्या युनियनचं तुम्ही देणं लागता, तिथे पगार जमा करत राहू नका. दिवाळखोरीचा अर्ज दाखल झाल्याचं कळताच ती खात्यातली रक्कम आपल्या येण्यापोटी रोखून धरू शकते. अशी तात्पुरती रोख म्हणजे दिवाळखोरीच्या अर्जाबरोबर लागू होणाऱ्या वसुलीबंदीचा भंग नव्हे, असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच म्हटलंय. घरभाड्याचे पैसे ऐन वेळी अडकतात ते इथेच. त्यामुळे जिथे एक डॉलरचंही देणं नाही अशा ठिकाणी अर्जाच्या आधीच खातं उघडा, आणि ते खातं कोर्टाच्या कागदपत्रांत न चुकता दाखवा. लपवलेलं खातं फार महागात पडतं.

ज्या युनियनचं कर्ज बुडालं, ती पुढे तुम्हाला कर्ज, कार्ड, चेकबुक नाकारू शकते. माफ झालेलं देणं ती मागू शकत नाही. तुम्ही आपणहून फेडलंत तर कायद्याची आडकाठी नाही. माझं मत विचाराल तर त्या पैशाने दुसरीकडे नवी सुरुवात करा.

कर्जाच्या कागदावर एक वाक्य बोट ठेवून शोधा: हे तारण तुमच्या इथल्या इतर सगळ्या देण्यांनाही लागू राहील. क्रेडिट युनियनच्या कागदांत ते सर्रास असतं. अर्थ असा, की गाडीचा शेवटचा हप्ता भरला तरी त्याच युनियनच्या कार्डावर बाकी असेल तर गाडीवरचा बोजा उतरत नाही. म्हणून गाडीचं कर्ज एकीकडे, कार्ड दुसरीकडे. जुनं कर्ज पुन्हा मान्य करणारा रीअफर्मेशनचा करार पुढे केला तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. सही झालीच असेल, तर डिस्चार्जपर्यंत किंवा करार कोर्टात दाखल झाल्यापासून ६० दिवसांपर्यंत, यातलं जे नंतर येईल तोवर, तो रद्द करता येतो.

पत पुन्हा उभी करायला स्वतःच्याच ठेवीच्या तारणावरचं छोटं कर्ज उत्तम. समजा ५०० डॉलर, १२ महिने. आधी विचारा, हप्त्यांची नोंद तिन्ही क्रेडिट ब्युरोंकडे, म्हणजे क्रेडिट रिपोर्ट बनवणाऱ्या संस्थांकडे, जाते का? जात नसेल तर या खटाटोपाला अर्थ नाही. आणि दोन महिन्यांत फेडून मोकळे होऊ नका, बारा वेळेवर भरलेले हप्ते हीच कमाई. ठेवीच्या तारणावरचं क्रेडिट कार्ड घेतलंत तर मर्यादेच्या १० टक्क्यांच्या आतच वापरा. अचानक नड आली तर फेडरल क्रेडिट युनियनचं पे-डेला पर्याय म्हणून दिलं जाणारं छोटं कर्ज विचारा: व्याज २८ टक्क्यांच्या वर जात नाही, अर्जाची फी जास्तीत जास्त २० डॉलर.

चॅप्टर १३ वाल्यांनी, म्हणजे देणी हप्त्यांनी फेडण्याच्या दिवाळखोरीत असलेल्यांनी, मात्र थांबावं. ३ ते ५ वर्षांची हप्तेबंदी चालू असताना नवं कर्ज घ्यायचं तर ट्रस्टीची (हप्ते गोळा करून देणेकऱ्यांचे पैसे वाटणाऱ्या नेमलेल्या माणसाची) किंवा कोर्टाची परवानगी लागते. साधं बचत खातं उघडायला हरकत नसते, तरी वकिलाच्या कानावर घाला.

डिस्चार्जनंतर दोनेक महिन्यांनी तिन्ही क्रेडिट रिपोर्ट काढा. माफ झालेल्या प्रत्येक खात्यापुढे बाकी शून्य हवी. थकबाकी दिसली तर आदेशाची प्रत जोडून तक्रार करा, ब्युरोला साधारण ३० दिवसांत तपास करावा लागतो.

आणि रिपोर्ट बघून कुणी खातं नाकारलं तर काउंटरवरून तसेच परतू नका, नकाराची नोटीस मागा. कोणत्या एजन्सीच्या रिपोर्टवरून नाकारलं ते तिच्यात लिहावं लागतं, आणि ६० दिवसांच्या आत मागितलात तर तो रिपोर्ट फुकट मिळतो.