पाहुणे विक्रमी, डॉलरची मात्र चणचण

जानेवारी 2024 आठवतोय का? पंतप्रधान लक्षद्वीपला जाऊन आले, मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी त्यावर नको ते लिहिलं आणि लातूर-उदगीरपासून नांदेडपर्यंत माझ्या मित्रयादीतल्या निम्म्या लोकांनी मालदीववर बहिष्कार टाकून दिला. त्यातल्या बहुतेकांचा मालदीवला जायचा बेत कधीच नव्हता, पण ते असो. सूर एकच होता: आपण गेलो नाही तर हे उपाशी मरतील.

झालं काय? 2023 मध्ये तिथं जाणाऱ्यांत आपण पहिल्या क्रमांकावर होतो, दोन लाखांच्या वर. 2024 मध्ये आपला आकडा एक लाख तीस हजारांच्या आसपास आला. तरीही त्या वर्षी एकूण पर्यटक 20 लाखांच्या पुढे गेले. तोवर एवढे कधीच आले नव्हते. चिनी आले, रशियन आले, युरोपातले तर येतातच.

बहिष्कारवाले हरले म्हणून विषय इथंच मिटवता आला असता. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथल्या सर्वांत मोठ्या बँकेनं रुफिया या स्थानिक चलनातल्या खात्यांच्या कार्डांवरचे परदेशी व्यवहार अचानक बंद केले. ओरड झाली, त्याच दिवशी निर्णय मागे घ्यावा लागला. तेव्हा देशाकडं वापरता येईल असा डॉलरसाठा महिनाभराच्या आयातीलाही पुरला नसता. कर्जाचा अडीच कोटी डॉलरचा एक हप्ता हे भरतील का, याची जगभर चर्चा होती. ऑक्टोबरमध्ये त्यांचे राष्ट्राध्यक्ष मुइझ्झू दिल्लीत आले आणि आपल्या रिझर्व्ह बँकेनं 40 कोटी डॉलर आणि 3,000 कोटी रुपयांच्या चलन अदलाबदलीची सोय करून दिली. 'इंडिया आउट' म्हणत निवडून आलेला माणूस, बरं का.

विक्रमी गर्दी आणि डॉलरचा खडखडाट एकाच वर्षात कसा? मी पोटासाठी लोकांचे हिशेब तपासतो, त्यामुळं मला हाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. पाहुणा पैसे भरतो ते लंडन, दुबई किंवा मुंबईतल्या एजंटाकडं. रिसॉर्ट चालवणारी साखळी बऱ्याचदा परदेशी. ताटातलं टोमॅटो, कोंबडी, तांदूळ, दूध बाहेरून येतं. समुद्र देतो तो टूना मासा. वीज डिझेलवर, आणि बेटागणिक जनरेटर वेगळा. 2022 च्या जनगणनेत सव्वापाच लाखांच्या आतल्या वस्तीत एक लाख तीस हजारांवर परदेशी होते, त्यांत बहुतेक बांगलादेशी आणि भारतीय कामगार. त्यांचा पगारही बऱ्यापैकी गावाकडं जातो. एवढं सगळं वजा जाता देशात राहतं किती?

सरकारलाही हे कळलेलं आहे. 2024 मध्ये मोठ्या रिसॉर्टना दर पर्यटकामागं 500 डॉलर देशातल्या बँकेत बदलून घ्यायची सक्ती झाली. 2025 मध्ये पाहुण्यांवरचा हरित कर दुप्पट झाला, पर्यटनावरचा जीएसटी 16 वरून 17 टक्के झाला. पण दुसऱ्या हातानं कर्जाचा डोंगर वाढतोच आहे: पूल, घरबांधणी, वर्षाला 75 लाख प्रवाशांच्या बेतानं बांधलेलं नवं विमानतळ टर्मिनल. आणखी पाहुणे आणून कर्ज फेडू, असा हा हिशेब. माझ्या मते तो कच्चा आहे. कोरोनात 2020 साली सीमा साडेतीन महिने बंद राहिल्या आणि त्या एका वर्षात अर्थव्यवस्था सुमारे एक तृतीयांशानं आकसली. एकच पीक घेणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याचं जे होतं तेच, फक्त इथला पाऊस दुसऱ्यांच्या देशात ठरतो.

त्यातल्या त्यात मला आशा वाटते ती गेस्टहाउसांची. पूर्वी पर्यटन म्हणजे निर्मनुष्य बेटावरचा रिसॉर्ट. 2009-10 नंतर गावं असलेल्या बेटांवरही परवानगी मिळाली. माफुशीसारख्या ठिकाणी आता साध्या घरांच्या खानावळी झाल्या, होड्या भाड्यानं मिळतात. पाहुणा कमी खर्च करतो, पण त्यातला बराच गावात राहतो.

लातूरकरांनी तरी मालेला, म्हणजे मालदीवच्या राजधानीला, हसू नये. डिसेंबर 2014 मध्ये मालेच्या खारं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पात आग लागली, अख्ख्या राजधानीचे नळ कोरडे पडले आणि भारतानं विमानानं, जहाजानं पाणी पाठवलं. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून आपल्याकडं लातूरला जलदूत ही पाण्याची रेल्वे आली. ज्या भागाला प्यायचं पाणी बाहेरून आणावं लागतं, त्यानं पाहुण्यांच्या गर्दीची स्वप्नं जरा जपूनच बघावीत. 'लक्षद्वीपचं मालदीव करू' म्हणणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं: सगळा प्रदेश मिळून जेमतेम 32 चौरस किलोमीटर. आपल्याकडं दोन-तीन मोठ्या गावांचं शिवार एवढं भरेल.

आता आपलं, म्हणजे मराठवाड्याचं. अजिंठा आणि वेरूळ 1983 मध्ये जागतिक वारसा झाले. तेव्हापासून पर्यटनावरची प्रत्येक बैठक एकाच प्रश्नावर येऊन थांबते: पर्यटक किती आले? शिर्डीहून सकाळी निघालेली बस वेरूळला येते, कैलास लेणं बघते, घृष्णेश्वराचं दर्शन घेते आणि संध्याकाळी परत. आकडा वाढला, पण रात्रीचं जेवण, मुक्काम, पैठणी सगळं दुसऱ्याच्या गावात. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. दोन्ही नीट बघायचं तर संभाजीनगरात दोन रात्री राहायला हरकत नाही, पण जळगाव रस्त्यानं इतकी वर्षं पाहुण्यांचे मणके मोजले की एक रात्रसुद्धा लोकांना जास्त वाटायची.

आपलं नशीब एवढंच की संभाजीनगरामागं वाळूज, शेंद्रा या औद्योगिक वसाहती आहेत. 2020 मध्ये लेणी बंद झाली तेव्हा गाइड, रिक्षावाले, हॉटेलातली पोरं भरडली गेली, पण सगळं शहर बसलं नाही. मालेला वाळूज नाही.

तेव्हा यापुढं कुणी पर्यटकांचा विक्रम सांगितला की मी मुक्कामाच्या रात्री विचारणार आहे. यादीत हॉटेलवाले बरेच आहेत. फर्दापूर, वेरूळ, खुलताबादचे कुणी असाल तर कमेंटमध्ये लिहा: तुमच्याकडची भाजी, दूध, चादरी कुठून येतात आणि कामाला पोरं कुठली आहेत?