मालवाहू विमान कंपनी काढायचीय? आधी नकाशा आणा

भारताचा मोठा नकाशा भिंतीवर लावा आणि मधोमध टाचणी टोचा. ती नागपुरात घुसली की मालवाहू विमान कंपनीचं निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे गिऱ्हाइकं. ती येतील सावकाश.

आधी एखादी विमान कंपनी विकून झालेली असेल तर फारच उत्तम. कॅप्टन गोपीनाथांची झाली होती. एक रुपयात तिकीट काढणाऱ्या एअर डेक्कनचा २६ टक्के हिस्सा २००७ मध्ये विजय मल्ल्यांच्या समूहानं ५५० कोटींना घेतला. (पुढे मल्ल्यांनी विमानांचं काय केलं, ते तुम्ही जाणताच.) एखादा साधा माणूस यानंतर हसन जिल्ह्यातल्या आपल्या शेतावर परतून पुन्हा रेशीमकिडे पाळत बसला असता. कॅप्टननी नोव्हेंबर २००९ मध्ये डेक्कन ३६० ही मालवाहू कंपनी सुरू केली. मुख्य तळ अर्थातच नागपूर.

योजना अशी सांगायची: संध्याकाळी चारी दिशांच्या शहरांतून विमानं निघतील, मध्यरात्री नागपुरात उतरतील, खोक्यांची अदलाबदल करतील आणि उजाडायच्या आत आपापल्या गावी पोचतील. कुणी शंका काढलीच तर अमेरिकेतलं मेम्फिस म्हणा. फेडेक्स या कुरिअर कंपनीनं १९७३ मध्ये तिथून नेमकं हेच सुरू केलं. पहिल्या रात्री १४ विमानांत मिळून १८६ पाकिटं होती, हेही सांगा, धीर येतो. पुढे तिजोरीत शेवटचे पाच हजार डॉलर उरले, तेव्हा मालक लास व्हेगासला जाऊन जुगारात सत्तावीस हजार करून परतले, असं सांगतात. नागपूरकरांना त्यासाठी थेट मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटी गाठाव्या लागतील. तेवढा प्रवासखर्च आधीच बाजूला काढून ठेवा.

समोर वऱ्हाडातला श्रोता असेल तर मेम्फिसही नको. १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून रात्रीची टपाल विमानं नागपुरातल्या सोनेगावच्या धावपट्टीवर जमायची, डाकेच्या थैल्या बदलून घ्यायची आणि पहाटेपर्यंत परतायची. ती व्यवस्था वर्षानुवर्षं चालली. मात्र तेव्हा भाडं टपाल खातं भरत होतं, हा तपशील गाळा. आणखी एक गाळा: पत्राला उत्तर येतं, खोक्याला येत नाही. मुंबईहून औषधं आणि मोबाइल गुवाहाटीला जातात, गुवाहाटीहून मुंबईला तेवढ्याच वजनाचं काय पाठवायचं? प्रवासी लग्नाला गेला तरी लग्न लागल्यावर घरी परततो. खोकं एकदा गेलं की गेलं. येताना विमान रिकामं, वैमानिक आणि इंधनाचं बिल मात्र तेच.

विमानं निवडताना हात आखडू नका. लहान गावांसाठी एटीआर घ्या आणि मोठ्या पल्ल्याला एअरबस ए-३१०, ज्यात तीस टनांहून जास्त माल मावतो. १९९८ नंतर एअरबसनं एकही नवं ए-३१० कुणाला दिलेलं नाही, म्हणजे विमान अनुभवी आहे. देशातला धंदा बसायच्या आतच हाँगकाँग, शांघाय, दुबई गाठा. दरम्यान साध्या प्रवासी विमानांच्या पोटात माल निम्म्या भावात जात असतो, कारण तिकिटांतून उड्डाणाचा खर्च बराचसा आधीच निघालेला असतो. शिवाय ट्रक आहेतच. तिकडे लक्ष द्यायचं नाही. ट्रकवाल्याकडे नकाशाच नसतो.

पैसा कमी पडू लागला की मोठं घर शोधा. २०१० मध्ये रिलायन्सनं २६ टक्के हिस्सा घेतला. आपल्याकडे सगळ्यांना २६ टक्केच का आवडतात? मोठे ठराव अडवता येतात तेवढ्यात, आणि बुडालं तर चारातला जेमतेम एक आणा आपला. २०११ मध्ये डेक्कन ३६० ची विमानं थांबली. थकबाकी मागणारे कोर्टात गेले आणि २०१३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं कंपनी गुंडाळायचा आदेश दिला.

एवढी दगदग झेपणार नसेल तर हैदराबादच्या फ्लायिंग्टन फ्रेटर्सचा कित्ता गिरवा. त्यांनी नवीकोरी ए-३३० मालवाहू विमानं मागवली आणि एकही न उडवता दुकान बंद केलं. बातम्या तेवढ्याच छापून आल्या, आणि इंधन शून्य. शुद्ध खर्चाच्या हिशेबानं मला हीच कंपनी सगळ्यांत शहाणी वाटते.

पण खचू नका. कॅप्टन खचले नाहीत. डिसेंबर २०१७ मध्ये लहान शहरं विमानानं जोडायच्या सरकारी ‘उडान’ योजनेत एअर डेक्कन पुन्हा उठली, तीही आपल्याच मुंबई–जळगाव मार्गावर. छोटी बीचक्राफ्ट विमानं, आणि या खेपेला त्यांत माणसं. मालाचा नाद सुटला होता. ती कंपनी एप्रिल २०२० मध्ये बंद पडली. टाळेबंदीत प्रवाशांना बंदी होती, आकाशात फक्त माल उडत होता, आणि बाकीच्या कंपन्या प्रवाशांच्या खुर्च्यांवर खोकी पट्ट्यांनी बांधून नेत होत्या.