शिक्का पुसट आहे

‘संस्थाप्रमुखांचा शिक्का अस्पष्ट असल्याने अर्ज परत.’ काल संध्याकाळी आलेला हा ई-मेल. प्रस्तावाबद्दल चकार शब्द नाही. चांगला की वाईट, ते कळायला आधी शिक्का दिसायला हवा म्हणे.

दोष पोर्टलच्या दोन एमबीच्या मर्यादेचा. आरोग्य संशोधनाचा सरकारी निधी मागताना प्रश्न, उद्दिष्टं, वर्षवार बजेट असं सगळं पोर्टलवर बसतं. बसत नाही ते सहीशिक्क्याचं चार पानी हमीपत्र. ३०० डीपीआयला रंगीत स्कॅन केलं तर झाले सहा एमबी. म्हणून शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे.

“सकाळपासून तुम्ही चौथे,” तो म्हणाला आणि पेनड्राइव्हमधली भलतीच फाइल उघडून वाचायला लागला. मुख्य प्रस्ताव!

“डॉक्टर, सॅम्पल चारशे? सगळ्यांचं तीनशे चौऱ्याऐंशी असतं.”

आता यालाही समजवायचं. किती बायका तपासायच्या त्याचं गणित: गरोदर बायकांमधला ॲनिमिया ५० टक्के धरला, चूक ५ टक्के. ४ गुणिले ५० गुणिले ५०, भागिले २५, झाले ४००. त्या ४ च्या जागी १.९६ चा वर्ग घातला की ३८४.

“म्हणजे तुम्ही राउंड फिगर केली. आणि गळती, मधेच सोडून जाणाऱ्या? पीएसएमच्या, सामाजिक वैद्यकशास्त्राच्या मॅडम दहा टक्के वाढवतात.”

थिसिस बाइंडिंगला आलेली दोन पीजीची पोरं खोकली. गळती मी धरलीच नव्हती.

“चारशे चाळीस करा. नाहीतर कमिटी विचारते.”

“कुठली कमिटी?”

“सगळ्याच.”

खरं तर ४०० ला ०.९ ने भागायचं असतं, म्हणजे ४४५. पण वाद घालायची माझी पत तोवर उरली नव्हती. मुकाट्याने ४४० केले आणि तपासण्यांचं बजेटही वाढवलं, कारण बायका वाढल्या की हिमोग्लोबिनसाठी रक्ताचा थेंब घ्यायचे क्युव्हेटही वाढतात.

कमिटीचं मात्र तो खरं बोलला. संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीत सात ते पंधरा जण, अध्यक्ष बाहेरचा, निम्मे तरी सदस्य संस्थेबाहेरचे आणि कोरमला किमान पाच. त्यात नुसते डॉक्टर चालत नाहीत. डॉक्टर वेळेवर येतात असं नाही, पण वकीलसाहेबांची तारीख लागली की बैठक पुढे गेलीच म्हणून समजा.

बरं, निधी मिळाला म्हणून सुटका नाही. पहिल्या हप्त्याचं विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसे कशावर खर्चले त्याचा जीएफआर १२-ए हा फॉर्म, गेल्याशिवाय दुसरा हप्ता हलत नाही. हप्ता फेब्रुवारीत येतो आणि ३१ मार्चला हिशेब मागतात. पैसे का खर्चले नाहीत, असं वर विचारतात! तोवर गावोगाव फिरून रक्त घेणारी प्रोजेक्टची मुलगी तीन महिने बिनपगारी. ती सोडून गेली की नवी जाहिरात, नव्या मुलाखती. याला कोणी ‘अस्पष्ट’ म्हणत नाही.

तर शिक्का. झेरॉक्सवाला म्हणाला होता, “ग्रेस्केल करू, दीडशे डीपीआय ठेवू.” मीच हट्ट धरला, सही निळी दिसली पाहिजे! मग रंग ठेवून ७२ वर आणावं लागलं. निळ्या सहीवर निळा गोल शिक्का, दोन्ही मिळून जखमेच्या वळासारखे दिसत होते. सबमिट झालं, आणि त्याच आनंदात मी फाइल पुन्हा उघडून पाहिली नाही.

आज पुन्हा गेलो. संस्थाप्रमुख इन्स्पेक्शनला बाहेरगावी, सोमवारी येतील.

“शिक्का जांभळ्या पॅडवर मारून घ्या,” तो म्हणाला. “आणि सहीच्या शेजारी. वर नको.”

स्कॅनचे चाळीस रुपये झाले. पावती मागितली तर विचारतो, “कंटिन्जन्सीत, किरकोळ खर्चात दाखवणार?”