सातही माणसं बसवून दाखवा, मग म्हणा ‘सेव्हन सीटर’

सहा आठवडे झाले गाडी बघतोय. आता खरंच डोकं फिरलंय.

घरात आम्ही सातजण. अप्पा, आई, काकू, आम्ही नवरा-बायको आणि दोन पोरं. अप्पांचे दोन्ही गुडघे गेलेत. जोतिबा, जेजुरी, मांढरदेव वर्षाला ठरलेलं, मे महिन्यात बहिणीकडं पुण्याला. दरवेळी भाड्याची गाडी सांगायची नाहीतर दोघंजण एसटीनं पुढं पाठवायचे. म्हणून ठरवलं, कर्ज काढू पण सगळे एकत्र बसतील अशी मोठी गाडी घेऊ. सफारी, एक्सयूव्ही ७००, स्कॉर्पिओ-एन आणि फारच ओढूनताणून इनोव्हा हायक्रॉस. चारच गाड्या. त्यातली कुठली आपल्या घराला बरी, एवढंच कळायला हवंय. आणि तेवढंच कुणी सांगत नाही!

शोरूममध्ये गेलं की सुरुवात सनरूफपासून. मग मोठा स्क्रीन, मग स्पीकर किती, मग सीटला थंड हवा. मी विचारतो, मागची रांग उघडून दाखवा. ती दुमडलेली, वर प्लास्टिक तसंच. तिथलं विकणारं पोरगं म्हणतं, “सर, मागं रोज कोण बसतंय? सगळे फोल्डच ठेवतात.” अरे, मी वीस लाख ज्या दोन सीटांसाठी घालतोय त्याच तू दुमडून ठेवायला सांगतोस? मला पाच माणसांचीच गाडी हवी असती तर निम्म्या पैशात आली असती.

शेवटी अप्पांना बसवून बघितलं. मधली सीट पुढं पाडली, त्या फटीतून एक पाय आत, कंबर वाकडी, हात कुठं धरायचा ते कळेना. बसले कसेबसे. गुडघे छातीला लागले. म्हणाले, “आरं, बसलो खरं, पण उतरताना दोघांनी वढाय लागतंय.” चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस तिथं अवघडून बसलाय आणि समोरचा त्याच वेळी माझ्या हातात एक्स्चेंज बोनसचा कागद देतोय. एवढा राग मला बऱ्याच वर्षांत आला नव्हता.

यावर उपाय काय सांगितला? कॅप्टन सीट घ्या, म्हणजे मधल्या रांगेत दोन सुट्या खुर्च्या, मधून सरळ मागं जाता येतं. येतं की! पण हायक्रॉस सोडली तर त्यात सीटा होतात सहा. सातवा माणूस कुठं, काकूंना घरी ठेवू?

आणि सामान? नव्या सफारीत तिन्ही रांगा उभ्या असताना मागं उरते ७३ लिटर जागा. केबिन बॅग म्हणतात ती साधारण चाळीस लिटरची. म्हणजे सात माणसांत दोन बॅगासुद्धा धड मावत नाहीत. हायक्रॉसमध्ये ३०० लिटर मिळते, ती या बाबतीत खरंच शहाणी गाडी आहे, पण बजेट तुटतं. स्कॉर्पिओ-एनच्या शेवटच्या रांगेला एसीचे व्हेंटच नाहीत. एप्रिलात तुळजापूरला निघालो तर मागं बसलेल्या पोरांचं काय होईल? ही माहिती मी रात्री-रात्री जागून शोधलीय. विकणाऱ्यानं एक अक्षर सांगितलं नाही.

सुरक्षेचंही तेच. प्रत्येकजण “फाइव्ह स्टार” म्हणतो आणि दुसऱ्याच्या गाडीला पत्र्याचा डबा. हायक्रॉस सोडून बाकी तिन्ही गाड्यांना ग्लोबल एनकॅपचे, म्हणजे गाडी आदळवून सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेचे, पाच तारे आहेत बाबांनो. एक्सयूव्ही ७०० ला २०२१ मध्ये, स्कॉर्पिओ-एनला २०२२ मध्ये, सफारीला २०२३ मध्ये. पण ते मोठ्या माणसांचे. लहान मुलांचे तारे वेगळे मोजतात. तिथं सफारीला पाच, एक्सयूव्हीला चार, स्कॉर्पिओ-एनला तीन. त्यातही २०२२ च्या मध्यात कसोटी कडक झाली, एक्सयूव्हीची चाचणी त्याच्या आधीची, म्हणजे आकडे सरळ शेजारी ठेवूनही चालत नाही. दोन पोरांच्या बापाला हे सांगायला नको? विचारलं तर म्हणे, “सर, टँक आहे टँक.”

किमतीचं तर बोलायलाच नको. ऑन-रोडचा, म्हणजे टॅक्स-विमा सगळं धरून हिशोब लिहून मागितला की चेहरे बदलतात. डिझेलला आपल्या महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांपर्यंत १४ टक्के रोड टॅक्स, वीसच्या वर १५. एक्स-शोरूम, म्हणजे टॅक्स-विम्याआधी, १९.९० लाखाची गाडी असेल तर टॅक्स २,७८,६००. त्याच्या वरचं व्हेरिएंट २०.१० लाखाचं घेतलं तर ३,०१,५००. वीस हजाराच्या फरकावर टॅक्सच बावीस हजार नऊशेनं वाढला! हे न सांगता “फक्त वीस हजार जास्त” म्हणून वरचं व्हेरिएंट गळ्यात मारतात. इन्शुरन्स आमच्याकडूनच, नाहीतर डिलिव्हरी लांबेल. का? विमा कुठल्या कंपनीचा घ्यायचा हे ठरवायचा हक्क माझा आहे. वर हँडलिंग चार्ज, मॅट-मडफ्लॅपचं सक्तीचं किट. हायक्रॉस सोडली तर गाडी यायची चाकण-पिंपरीहून, खंबाटकी घाट उतरली की सातारा. कसली हँडलिंग?

टेस्ट ड्राइव्ह म्हणजे हायवेच्या सर्व्हिस रोडनं तीन किलोमीटर, आत मी आणि सेल्समन. म्हटलं, सातजण बसवून यवतेश्वरचा घाट चढवू द्या, गाडी कुठं दम टाकते ते कळेल, अप्पांना मागं गचके किती बसतात ते कळेल. “सर, पॉलिसीत बसत नाही.” सात वर्षं हप्ते मी भरणार आणि अर्धा तास घाट चढवून बघायचा नाही?

म्हणून आता तिकडं विचारणंच सोडलं. साताऱ्यात, कराडात ज्यांच्याकडं या चारपैकी एखादी गाडी आहे त्यांनाच सांगतो, एका रविवारी दहा मिनिटं आमच्या अप्पांना मागच्या रांगेत बसू द्या आणि डिकीत आमच्या बॅगा ठेवून बघू द्या. पेट्रोल-डिझेल माझं. कंदी पेढेही आणतो.