१ स्टार रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर. आमच्या अंडी उबवायच्या मशीनमध्ये तुमच्या लेपर्ड गेकोची (पाळीव पालीची) चारही अंडी वाया गेली, वाईट वाटलं. रविवारी फोन उचलला गेला नाही ही चूक आमचीच, माफी मागतो. पण "सेन्सर बोगस, २८ ला लावलं तरी ३५ दाखवतं, ४,८०० ला फसवलं" असं चारचौघांत लिहिलंत, त्यावर बोलणं भाग आहे. सांगलीत आमचं पोट याच मशीनवर चालतं.

तुम्हीच टाकलेल्या फोटोत डिस्प्लेवर ३५.१ आहे आणि शेजारचा लाल दिवा विझलेला आहे. दिवा विझला म्हणजे हीटर बंद. सेन्सर बिघडून कमी दाखवत असता तर हीटर चालूच राहिला असता. हे मशीन कोंबडीच्या अंड्यांचं, त्यांना ३७.५ लागतं. म्हणून यात गरम करायची सोय आहे, गार करायची नाही. मे महिन्यात आपल्याकडे पत्र्याखालच्या खोलीत दुपारी जे तापमान असतं त्याच्या खाली मशीन उतरणार कसं? २८ लावा नाहीतर २० लावा, आकडा खोलीचाच येणार. सेन्सरनं खरं तेच सांगितलं. गेकोच्या अंड्याला २६ ते ३२ पुरतं, ३४-३५ वर सलग राहिलं तर गर्भ टिकणं अवघड.

दुसरं, त्याच फोटोत अंडी कोंबडीच्या ट्रेमध्ये आहेत आणि ट्रे तिरका आहे, म्हणजे अंडी फिरवणारी मोटर चालू होती. कोंबडीचं अंडं फिरवावंच लागतं, नाहीतर पिल्लू कवचाला चिकटतं. पालीच्या अंड्याचं नेमकं उलटं. घातल्यावर साधारण दिवसाभरात गर्भ वरच्या बाजूला चिकटून बसतो, मग अंडं उलटलं की तो दगावण्याची भीती. वर पेन्सिलची खूण करायची आणि शेवटपर्यंत खूण वरच ठेवायची. घेताना "अंडी उबवायचीत" एवढंच म्हणालात. कुणाची, हे आम्ही विचारायला हवं होतं, तेवढं कबूल.

दोन अंडी पिचकली ती मशीनच्या आतल्या पंख्यानं. या अंड्याचं कवच मऊ, कातडीसारखं, उघड्या वाऱ्यावर ते सुकतं. (निघायच्या एक-दोन दिवस आधी थोडं बसतं, ते चालतं. तुमची १२ व्या दिवशीच बसली.) झाकणाच्या डब्यात व्हर्मिक्युलाईट (ओल धरून ठेवणारे हलके खनिज दाणे) घ्या, नर्सरीत मिळतं. १०० ग्रॅमला १०० ग्रॅम पाणी, मुठीत दाबलं तर थेंब गळता कामा नये. अंडं निम्मं पुरा, झाकणाला दोन बारीक भोकं पाडा. खळगा पडला तर कडेनं पाणी सोडा, अंड्यावर नको. बुरशी आलेली दोन बहुतेक आधीच रिकामी, म्हणजे गर्भ नसलेली असावीत. आठ-दहा दिवसांनी अंडं न उचलता मोबाईलचा टॉर्च लावून बघायचं. गुलाबी आणि आत लाल शिरा दिसल्या तर जिवंत. नुसतं पिवळं दिसलं तर थांबण्यात अर्थ नाही. २८ ला साधारण दोन महिने लागतात, ३१-३२ ला दीड. पिल्लानं कवच चिरलं की हात लावू नका, बाहेर यायला एखादा दिवस घेतं.

पुढची अंडी आली तर ट्रे काढून टाका, मोटरची पिन उपसा, डबा आत ठेवा. मशीन खालच्या मजल्यावर, भिंतीच्या सावलीला. उन्हाळ्यात मात्र थर्माकोलच्या पेटीत डबा आणि शेजारी गार पाण्याची बाटली, ती दुपारी बदलायची. त्याला आमचं मशीन लागतच नाही, हे आम्हीच सांगतोय.

खोक्यावर "फक्त पक्ष्यांच्या अंड्यांसाठी" असं काहीतरी छापून घेतो, माहितीच्या कागदाचंही बघतो. तरी सेन्सरबद्दल शंका असेल तर मशीन दुकानात आणा, ताप मोजायचा थर्मामीटर आत ठेवून ३७.५ ला तुमच्यासमोर जुळवून दाखवतो. अर्ध्या डिग्रीहून जास्त फरक निघाला तर पैसे परत. येताना ट्रे आणि अ‍ॅडॉप्टर बरोबर असू द्या, नुसत्या पेटीवर काहीच तपासता येत नाही.